दहावी-बारावीची परीक्षा: केंद्रावर काय चालते, काय चालत नाही

राज्य मंडळाच्या परीक्षेला बसणारी मुले आणि त्यांचे पालक दरवर्षी जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. मी बरीच वर्षे वर्गावर पर्यवेक्षक आणि पुढे केंद्रसंचालक म्हणून काम केले. केंद्रावर अडकलेल्या मुलांत ठरवून कॉपी करणारी होतीच. पण खिशात राहून गेलेला फोन, कंपासपेटीच्या तळाशी राहिलेली सूत्रांची चिठ्ठी, पेपराच्या शेवटी भोळेपणाने लिहिलेली विनंती, अशा गोष्टींपायी अडकलेलीही कमी नव्हती. नियम प्रवेशपत्रावर आणि उत्तरपत्रिकेवर छापलेले असतात. त्यांमागची कारणे मात्र कुठे छापत नाहीत. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही, म्हणून शक्य तिथे कारणासकट सांगतो.

केंद्रावर किती वाजता पोहोचायचे?

सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता आणि दुपारच्या सत्राचा ३ वाजता सुरू होतो. दालनात मात्र अर्धा तास आधी, म्हणजे १०.३० आणि २.३० वाजता, हजर राहायचे असते. केंद्राच्या फाटकाशी नव्हे, दालनात. पहिल्या दिवशी बैठक व्यवस्थेच्या यादीपुढे झुंबड उडते, आपला क्रमांक शोधण्यातच वेळ जातो, म्हणून आणखी लवकर निघा. आणि काल ज्या खोलीत बसलो तीच खोली आजही असेल असे धरून चालू नका. बारावीला विषयानुसार मुलांची संख्या बदलते, तशा खोल्याही बदलतात.

उशीर झालाच तर?

केंद्रसंचालकांना भेटा आणि खरे कारण सांगा. निर्णय त्यांचा असतो आणि त्यांना त्याची लेखी नोंद करावी लागते. ११ वाजता प्रश्नपत्रिका मुलांच्या हातात पडली की ती कुणीतरी फोटो काढून बाहेर पाठवली असण्याची शक्यता सुरू होते, आणि त्यानंतर आत येणारा प्रत्येक जण त्या शक्यतेत मोजला जातो. तुमची बस खरोखर बंद पडली होती हे दारावरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. वाटेत अपघात किंवा तसेच काही घडले तर आधी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. त्यांनी केंद्रसंचालकांना सांगणे आणि तुम्ही धापा टाकत सांगणे, यांत फरक पडतो. विभागीय मंडळांचे मदत क्रमांक दरवर्षी परीक्षेआधी जाहीर होतात. तेही घरी लिहून ठेवा.

शेवटची १० मिनिटे जादा मिळतात, ती कशासाठी?

पूर्वी प्रश्नपत्रिका १० मिनिटे आधी, म्हणजे १०.५० ला, वाचायला मिळायची. त्या १० मिनिटांत पेपराचे फोटो बाहेर जाऊन समाजमाध्यमांवर फिरू लागले, तेव्हा २०२३ च्या परीक्षेपासून मंडळाने ती सवलत काढली आणि तेवढीच मिनिटे पेपराच्या शेवटी दिली. त्यामुळे ११ ते २ चा पेपर आता २.१० ला संपतो आणि ३ ते ६ चा ६.१० ला.

माझ्या मते मुलांचे यात नुकसानच झाले. शांतपणे पेपर वाचून कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे ठरवण्याची सोय गेली, आणि शेवटी मिळणारी १० मिनिटे बहुतेक मुले राहिलेले उत्तर खरडण्यात घालवतात. पण नियम आहे तो असा आहे. तेव्हा पहिली पाच मिनिटे पेन खाली ठेवून पेपर वाचण्याची सवय सराव परीक्षेतच लावून घ्या.

प्रवेशपत्र हरवले, किंवा त्यावरचा फोटो चुकला आहे. आता?

घाबरण्यासारखे काही नाही. शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय ते पुन्हा छापून देते आणि त्यावर लाल शाईने 'द्वितीय प्रत' असा शेरा मारते. फोटो सदोष असेल तर योग्य फोटो चिकटवून त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्यायचा. नाव, विषय किंवा माध्यम चुकले असेल तर मात्र दुरुस्ती शाळेमार्फत मंडळाकडे करावी लागते, म्हणून प्रवेशपत्र हातात आले त्याच दिवशी प्रत्येक ओळ वाचा. पेपराच्या सकाळी विषय चुकल्याचे लक्षात आले तर केंद्रावर कुणाच्याच हातात फारसे काही नसते.

आत काय नेता येते?

प्रवेशपत्र, निळ्या किंवा काळ्या शाईची पेने, पेन्सिल, पट्टी, कंपासपेटी, पाण्याची बाटली. पॅड नेणार असाल तर तो दोन्ही बाजूंनी कोरा हवा. वर्षभर वापरलेल्या पॅडवर पेन्सिलीने केलेली बेरीजसुद्धा पर्यवेक्षकाला शंका घ्यायला पुरते. कंपासपेटी आदल्या रात्री रिकामी करून पुन्हा भरा. पारदर्शक पाउच आणि लेबल काढलेली बाटली नेली तर तपासणी दोन सेकंदांत आटपते.

गणकयंत्राला परवानगी नसते. प्रश्नपत्रिकेवरच तसे छापलेले असते. बारावीच्या भौतिकशास्त्रासारख्या पेपरात लॉगॅरिदमचे कोष्टक वापरता येते, पण त्याच्या समासात एकही अक्षर लिहिलेले नको. काही दिव्यांग आणि अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना गणकयंत्राची सवलत मिळते. ती आधी लेखी मंजूर झालेली असावी लागते.

मोबाइल बंद करून दप्तरात ठेवला तर चालेल ना?

नाही. फोन बंद होता, सायलेंट होता, त्यात सिमच नव्हते, ही सगळी उत्तरे मी ऐकली आहेत. नियमात फोन 'वापरणे' इतकाच गुन्हा नाही. तो दालनात जवळ असणे हाच गैरप्रकार धरला जातो. वर्गात २५ मुले आणि एक पर्यवेक्षक असताना कुणाचा फोन कधी चालू झाला हे तपासणे अशक्य असते, म्हणून रेषा वापरण्यापाशी नव्हे, जवळ बाळगण्यापाशीच ओढली आहे. स्मार्ट घड्याळ आणि ब्लूटूथ इअरफोन यांनाही तेच लागू. वेळ पाहायला साधे काट्यांचे घड्याळ पुरते, आणि तेही चालेल की नाही हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

फोन घरी ठेवणे किंवा सोबत आलेल्या माणसाकडे देणे एवढाच खात्रीचा उपाय आहे. व्हरांड्यात ठेवलेल्या दप्तरातून फोन गेला तर त्याची जबाबदारी केंद्र घेत नाही.

माझ्या बाकाखाली दुसऱ्याची चिठ्ठी सापडली. मी काय करायचे?

तिला हात लावू नका. उचलून खिडकीबाहेर टाकावी असे वाटेल, नेमके तेच करू नका, कारण त्या क्षणी कुणी आत आले तर चिठ्ठी तुमच्या हातात असेल. जागेवर उभे राहा, हात वर करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, "सर, इथे कागद पडलाय." पर्यवेक्षक तो उचलतील. बसण्याआधी बाक, बाकाचा खण आणि आसपासची फरशी पाहून घ्यायची ती याचसाठी. बाकावर आधीच काही लिहिलेले असेल तर पेपर सुरू होण्यापूर्वी दाखवून पुसून घ्या. पुढचे तीन तास तो बाक तुमच्या नावावर असतो.

माझी उत्तरपत्रिका पाहून शेजाऱ्याने लिहिले. दोष त्याचा की माझा?

तुम्ही दाखवली असेल तर दोघांचा. मित्राला नाही म्हणणे जड जाते हे मला ठाऊक आहे, पण दाखवणारा आणि पाहणारा यांच्यात मंडळाचे नियम फारसा भेद करत नाहीत. तुमच्या नकळत कुणी पाहत असेल तर उत्तरपत्रिका झाकून बसा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर जागा बदलून मागा. जागा बदलून देण्यात पर्यवेक्षकाला काही कमीपणा वाटत नाही.

इथे एक गैरसमज आहे: रंगेहाथ पकडले नाही तर काही सिद्ध होत नाही. तसे नाही. परीक्षकाला दोन उत्तरपत्रिकांत तेच उत्तर, त्याच चुका, त्याच क्रमाने दिसल्या तर तो अहवाल देऊ शकतो, आणि निकालाआधी दोघांनाही बोलावणे येते. बरोबर उत्तरे सारखी असण्यात नवल नाही. सारख्या चुका बोलक्या असतात.

उत्तरपत्रिकेत नाव लिहिले, देवाचे नाव लिहिले, खाली 'कृपया पास करा' असे लिहिले, तर खरेच शिक्षा होते?

होऊ शकते. आणि याबद्दल मुलांना फार कमी सांगितले जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तुम्ही कोण, कुठल्या शाळेचे, कुठल्या गावचे हे कळू नये, यासाठी मंडळ बराच खटाटोप करते. उत्तरपत्रिकेवर बारकोडचे स्टिकर लागते, बैठक क्रमांक झाकला जातो, गठ्ठे दुसरीकडे पाठवले जातात. परीक्षकापुढे येते ते फक्त हस्ताक्षर. या सगळ्याचा फायदा तुम्हालाच असतो. आडनाव पाहून, गाव पाहून किंवा शाळेचे नाव पाहून कुणी गुण कमी-जास्त करू शकत नाही.

आता तुम्ही आतल्या पानावर स्वतःचे नाव, शाळेचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा एखादी खूण टाकली की ही सगळी व्यवस्था तुमच्यापुरती मोडली. परीक्षकाला ओळख पटावी म्हणून ती मुद्दाम टाकली असे मानायला जागा होते. देवाचे नाव किंवा 'श्री' लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसते, पण खुणेसाठी लिहिलेला 'श्री' आणि श्रद्धेने लिहिलेला 'श्री' कागदावर सारखेच दिसतात. नमस्कार मनात करा.

विनवणी, घरच्या अडचणींचे पत्र, परीक्षकाला शिवीगाळ, पानांत ठेवलेली नोट, हे सगळे गैरप्रकारांच्या यादीत आहे. मी पाहिलेल्या अशा पत्रांतली काही वाचून घशात आवंढा यायचा. तरी परीक्षकाला ती नियामकांकडे, म्हणजे त्याच्या वरच्या तपासनीसाकडे, पाठवावीच लागते. त्याने दडवले तर तो अडकतो. पत्र लिहून गुण वाढल्याचे एकही उदाहरण माझ्या माहितीत नाही.

पत्रलेखन किंवा अर्जलेखनाच्या प्रश्नात नाव लागतेच. तिथे प्रश्नपत्रिकेत दिलेले नाव वापरा. दिले नसेल तर 'अ. ब. क.' लिहा. स्वतःचे नाव तिथेही नको.

बारकोड स्टिकर फाटले, किंवा बैठक क्रमांक लिहिताना चुकलो.

लगेच पर्यवेक्षकांना सांगा. खाडाखोड करून अंक गिरवू नका. चुकलेला क्रमांक एका रेघेने कापून बरोबर क्रमांक लिहायचा आणि त्यावर पर्यवेक्षकांची सही घ्यायची. क्रमांक अंकी आणि अक्षरी दोन्हीकडे तपासा. बारकोड क्रमांक आणि हजेरीपटावरची तुमची सही जुळली की उत्तरपत्रिका तुमची असल्याचा पुरावा पक्का होतो, म्हणून हजेरीची सही घाईत दुसऱ्याच्या रकान्यात करू नका. हे फार वेळा होते.

पुरवणी, कच्चे काम, प्रश्नपत्रिकेवर खुणा?

पुरवणी मुख्य उत्तरपत्रिका संपत आल्यावर मागायची, तिच्यावरचे रकाने आधी भरायचे आणि मग लिहायचे. किती पुरवण्या घेतल्या ते पहिल्या पानावर नोंदवायला विसरू नका. कच्चे काम उत्तरपत्रिकेतच करा आणि आडव्या रेघेने वेगळे ठेवा. पाने फाडू नका, कोरे पानसुद्धा नाही. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाच्या चौकटीशिवाय काहीही लिहायचे नसते, उत्तराचा पर्यायही नाही. टिकमार्क केलेली प्रश्नपत्रिका शेजाऱ्याच्या बाकावर गेली तर ती चिठ्ठीच झाली.

मला चुकीच्या माध्यमाची किंवा विषयाची प्रश्नपत्रिका मिळाली.

पहिल्या मिनिटाला सांगा. वरच्या कोपऱ्यातला विषय आणि माध्यम, आणि एकूण पानांची संख्या, एवढे आधी पाहायचे. अर्धा पेपर सोडवून झाल्यावर चूक लक्षात आली तरी गप्प बसू नका. केंद्रसंचालक विभागीय मंडळाशी बोलून मार्ग काढतात आणि त्याची नोंद होते. प्रश्नच चुकीचा छापला असेल तर त्याचा क्रमांक लिहून तुम्हाला जमेल तसा प्रयत्न करा. छपाईची चूक मान्य झाली तर गुण कुणाला द्यायचे हे मंडळ ठरवते, आणि अशा वेळी तो प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केल्याची खूण उत्तरपत्रिकेत असलेली बरी.

मध्येच स्वच्छतागृहात जाता येते का? तब्येत बिघडली तर?

येते, सोबत कुणीतरी दिले जाते. गेलेला वेळ भरून मिळत नाही. चक्कर, उलटी, पाळीचा त्रास, काहीही असो, लाजू नका. केंद्रावर प्रथमोपचाराची सोय असते.

भरारी पथक आणि बैठे पथक यांत फरक काय? ते झडती घेऊ शकतात का?

भरारी पथक न सांगता येते आणि जाते. बैठे पथक पेपर संपेपर्यंत त्याच केंद्रावर ठाण मांडून असते. त्यांत शिक्षण विभागाबरोबर महसूल विभागाचे अधिकारीही असतात, आणि खास महिलांचे पथकही असते. शंका आली तर ते खिसे, कंपासपेटी, पॅड तपासू शकतात. मुलींची तपासणी महिलेनेच, आडोशाला करायची असते. तसे होत नसेल तर मुलीने ठामपणे 'मॅडमना बोलवा' म्हणावे. असे म्हटले म्हणून कुणी शिक्षा करत नाही.

पथक वर्गात आले की अनेकांची लिहिण्याची तंद्री मोडते. मान वर करायची गरज नाही. ते तुमच्या बाकाशी थांबले तरच पेन ठेवा.

एक अलीकडची गोष्ट. २०२५ च्या परीक्षेपासून, आधीच्या पाच परीक्षांत गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांवर केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांतून आणण्याचे मंडळाने ठरवले. तेव्हा आपल्याच शाळेत क्रमांक आला तरी वर्गावर आपले सर असतील असे गृहीत धरू नका.

कॉपीच्या आरोपात पकडले तर नेमके काय होते?

उत्तरपत्रिका आणि सापडलेले साहित्य जप्त होते, पंचनाम्यासारखी नोंद होते आणि विद्यार्थ्याचा लेखी जबाब घेतला जातो. मग प्रकरण विभागीय मंडळाकडे जाते. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळे आहेत: पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर आणि कोकण. चौकशी पूर्ण होईपर्यंत निकाल राखून ठेवला जातो.

शिक्षा मनाला येईल ती देत नाहीत. मंडळाची 'शिक्षासूची' आहे आणि कोणत्या गैरप्रकाराला काय हे तिच्यात लिहिलेले असते. त्या विषयाची संपादणूक (मिळवलेले गुण) रद्द होण्यापासून पूर्ण परीक्षेची संपादणूक रद्द आणि पुढच्या काही परीक्षांना बसायला बंदी, इथपर्यंत तिची मजल जाते. चिठ्ठी जवळ सापडणे आणि तोतया बसवणे यांना एकच माप लावत नाहीत.

जबाबाबद्दल नीट लक्ष द्या. मूल रडत असते, हात थरथरत असतात, आणि पुढे कागद येतो: 'सही कर.' तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका. चिठ्ठी तुमची असेल तर तसे लिहा. खोटे बोलून प्रकरण चिघळते. तुमची नसेल तर 'सापडलेला कागद माझा नाही, तो अमुक जागी पडला होता, हस्ताक्षर माझे नाही' असे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहा. वेळ आणि बाकाची जागाही लिहा. महिन्याभराने चौकशी समितीपुढे तुम्ही काय बोलता यापेक्षा त्या दिवशी काय लिहिले याला जास्त वजन असते. केंद्रावरचे लोक वाईट असतात असे नाही, पण त्यांच्यावर दहा कामे असतात आणि जबाबाचा मजकूर ठरलेल्या साच्यात लिहून घ्यायची सवय लागलेली असते.

चौकशीत तुमचे म्हणणे ऐकून घेणे हा उपकार नाही. उत्तर प्रदेशच्या मंडळाने काही विद्यार्थ्यांचा निकाल त्यांना न विचारताच रद्द केला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितले की शिक्षा करणाऱ्या समितीने आधी विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. म्हणून नोटीस आली की ठरल्या तारखेला जा, पालकांना सोबत न्या, आरोप कशावर आधारलेला आहे ते विचारा, सापडलेला कागद पाहायला मागा. न गेल्यास समिती कागदांवरूनच निर्णय घेते.

पूर्ण केंद्राचीच परीक्षा रद्द झाली तर? मी तर कॉपी केली नव्हती.

इथे वरचा नियम लागू पडत नाही, आणि ते प्रामाणिक मुलांना फार लागते. बिहारमधल्या एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचे उत्तरपत्रिकांवरून दिसले आणि मंडळाने त्या केंद्राची परीक्षा रद्द केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की इथे एकेका विद्यार्थ्यावर आरोप ठेवलेला नाही, परीक्षाच परीक्षा म्हणावी अशी झालेली नाही, तेव्हा प्रत्येकाला वेगळे ऐकून घेण्याची गरज नाही. म्हणजे तुमच्या वर्गात सरसकट कॉपी चालू असेल आणि तुम्ही एकटे खाली मान घालून लिहीत असाल, तरी तुमचाही पेपर धोक्यात असतो. अशी परिस्थिती दिसली तर त्याच दिवशी पालकांमार्फत विभागीय मंडळाला लेखी कळवा. नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते.

पोलीस केस होऊ शकते का?

राज्यात १९८२ चा परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा आहे. तो विद्यापीठ आणि मंडळ या दोन्ही परीक्षांना लागू आहे. पेपर फोडणे, दुसऱ्याच्या जागी बसणे, बाहेरून उत्तरे पुरवणे यांसाठी त्याखाली गुन्हे दाखल होतात, आणि त्यांत शिक्षक, संस्थाचालक, नातेवाईक कुणीही असू शकतो. साध्या चिठ्ठीचे प्रकरण बहुधा मंडळाच्या चौकशीतच संपते. तोतया बसला तर मात्र दोघेही पोलीस ठाण्यात.

२१ जून २०२४ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या अशाच कायद्याचीही चर्चा मुले करतात. तो केंद्रीय लोकसेवा आयोग, रेल्वे भरती, बँक भरती आणि राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या परीक्षांसाठी आहे. म्हणजे नीट आणि जेईई मेन त्यात येतात, दहावी-बारावी नाही. त्यातली तीन ते पाच वर्षांची कैद आणि १० लाखांपर्यंतचा दंड हा पेपर फोडणाऱ्यांसाठी आहे. संघटित टोळ्यांना शिक्षा त्याहून जास्त. परीक्षार्थ्यांवर कारवाई त्या त्या परीक्षा संस्थेच्या नियमांप्रमाणे होते.

लेखनिक आणि जादा वेळ कुणाला मिळतो?

दिव्यांग विद्यार्थ्यांना, तासाला किमान २० मिनिटे या प्रमाणात. तीन तासांच्या पेपराला तो एक तास होतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि मंजुरी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून आधी घ्यावी लागते. परीक्षार्थी सांगेल तेवढेच लेखनिकाने लिहायचे. त्याने सुचवले तर गैरप्रकार दोघांचा.

४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही म्हणून अर्जच करू नका असे कुणी सांगितले तर ऐकू नका. हाताला पेटके येत असल्याने लिहू न शकणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर हात मोडला तर वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा.

पालकांनी केंद्राबाहेर थांबावे का?

सोडा आणि निघा. परीक्षेच्या काळात केंद्राभोवती मनाई आदेश असतो, जवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवायला लावतात, गर्दी केली तर पोलीस हटकतात. खिडकीखाली उभे राहून 'फक्त धीर द्यायला' आलेला काका आणि चिठ्ठी फेकायला आलेला काका यांत पोलिसाला फरक दिसत नाही. पेपर सुटल्यावर दारातच 'तिसऱ्याचे उत्तर काय लिहिलेस?' असे विचारणे हा गैरप्रकार नाही, पण असायला हवा होता.

निकाल पटला नाही तर?

गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेले प्रश्न एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. मुदत हुकली की रस्ता बंद. छायाप्रत आल्यावर ती विषयशिक्षकाला दाखवा. आपले उत्तर आपल्याला नेहमीच बरोबर वाटते.

छायाप्रतीचा हक्कही भांडून मिळालेला आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली 'माहिती' आहे आणि ती विद्यार्थ्याला पाहता आली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. परीक्षक कोण होते हे मात्र कळत नाही. जशी तुमची ओळख त्याच्यापासून लपवलेली, तशी त्याची तुमच्यापासून.

१७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसलो आहे. मला वेगळे नियम आहेत का?

नाहीत. प्रवेशपत्र तुमच्या संपर्क केंद्राच्या शाळेतून मिळते, आणि वर मुख्याध्यापकांकडे जा असे जिथे जिथे लिहिले आहे तिथे तुम्ही त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जायचे. त्यांचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा. वर्षभर त्या शाळेत पाऊल न टाकलेल्या विद्यार्थ्याला पेपराच्या सकाळी तो सापडत नाही.